सातवी वायर

अमळनेरच्या बियाणे प्रयोगशाळेतले युनिक्सवर चालणारे सहाही संगणक दिवसातून दहा-बारा वेळा नेटवर्कपासून एकदम तुटायचे. दुरुस्तीला जळगावहून आलेल्या सदफने दोन दिवस सगळं तपासलं. संगणक ठीक होते, त्यांना एकमेकांशी जोडणारा नेटवर्क स्विचही नवाच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं, की स्विचला वायरी सात आहेत. सातवी भिंतीतल्या भोकात गेली होती. स्विचवर तिचा दिवा लागला, की बाकीचे सहा विझायचे.

"अक्का, पलीकडे कोणती खोली आहे?"

"खोली कुठली? पलीकडे बठ्ठं वावर शे," झाडू थांबवून ललिताअक्का म्हणाल्या.

सदफ बाहेर जाऊन पाहून आली. शेताकडची भिंत सपाट होती. तिला भोकच नव्हतं.

तिने सातवी वायर स्विचमधून काढली. सहाही दिवे लागले. आता ही वायरच नको, म्हणून ती ओढू लागली. हातभर आली आणि अडकली. पकड बसावी म्हणून सदफने मनगटाला दोन वेढे घेतले.

तेवढ्यात भिंतीतून कुणीतरी अंदाज घेतल्यासारखं हळूच ओढलं.

"सोड ती, पोरी!" अक्का किंचाळल्या.

सदफ घाईघाईने वेढे सोडवू लागली. पहिला सुटला, तोच वायर ताठ झाली आणि तिचा हात भोकाकडे सरकू लागला.