आडवी धरलेली फाईल

प्रबंधातली नक्कल संगणकावर कशी तपासायची, याचं ग्रंथालयात प्रशिक्षण चाललं होतं. तिनं सरावाला स्वतःचाच प्रबंध घातला. पण शेजारचा संशोधक सारखा वाकून बघायला लागला, तशी ती स्क्रीनपुढे फाईल आडवी धरून बसली.

महिन्याभरानं तिनं प्रबंध जमा केला आणि अहवाल आला: अठ्ठ्याण्णव टक्के नक्कल.

"त्यानंच ढापला! पहिल्यापासून डोळा होता मेल्याचा," ती ग्रंथपालबाईंपुढे कडाडली.

अहवालात ज्याच्याशी प्रबंध जुळला होता, तो मूळ मजकूर बाईंनी उघडला. त्यावर नाव तिचंच होतं, तारीख प्रशिक्षणाच्या दिवसाची.

"सराव करताना 'मजकूर साठवा'समोरची खूण काढून टाका, असं तीनदा सांगितलं होतं मी," बाई म्हणाल्या. "तुमची राहिलेली त्याला दिसली. तेच सांगायला वाकत होता बिचारा."