मुका पंचम

आबा सामंतांच्या पेटीचा पंचम ऐन आरतीत मुका झाला. शेजारी टाळ धरून बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सुलभाताईंनी, झाकण उचललं. तर आत गोळ्यांची पाच पाकिटं, आणि एक सुटी गोळी पंचमाच्या सुरात अडकलेली! मणक्याच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांसाठी मिळालेल्या वेदनाशामक गोळ्या आबा दीड वर्षं चोरून घेत होते. पेटीला घरात दुसरं कुणी हात लावत नाही, म्हणून ही जागा. भजनी मंडळापुढे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी गर्दुल्ला झालो हो," दवाखान्यात ते खालमानेनं म्हणाले.

"छे हो!" डॉक्टरीणबाई हसल्या. "दुखणं खरं आहे, आणि शरीराला गोळीची सवय लागलीय. एकदम तोडलीत तर हाल होतील. हळूहळू उतरवू, पाठीला व्यायामही देऊ."

गोळ्या सुलभाताईंच्या ताब्यात गेल्या. शिवाय रोज सकाळी त्या भाता हलवून एकेक पट्टी दाबून बघत. एखादी मुकी निघाली तर आबांची धडगत नव्हती. सुरुवातीला आबांना घाम फुटे, चिडचिड होई. मग गोळी अर्ध्यावर आली, आणि पाठ पार देवळापर्यंत चालू द्यायला लागली.

आठव्या महिन्यात शेवटची गोळी सुटली. दुसऱ्या सकाळी पेटी वाजलीच. आबा वैतागले.

"अगं, अजून विश्वास नाही होय?"

"तपासतंय कोण?" पट्ट्यांवरची नजर न काढता सुलभाताई म्हणाल्या. "सारेगम बसलंय आता. पुढचं शिकवा."