दंडावरचा दोरा

एलिनातीच्या डाव्या दंडावर काळ्या दोऱ्याचे दोन वेढे निघाले, तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. दोऱ्याला तीन गाठी होत्या. पाण्याची बादली धरून उभी असलेली तिची सून तिवोंगे त्या गाठींकडे बघतच राहिली.

“मेली, पण वैदूचा दोरा काही सोडला नाही,” न्यागोंद्वे म्हणाली. चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख. “आता घंटेचं नावच नको.”

घंटा तशीही वाजणार नव्हती. मार्चात बाळांची वजनं करायच्या दिवशी, काट्याला टांगायला म्हणून तिवोंगेच्या बाळाचे, लुसुंगूचे कपडे काढले आणि त्याच्या कमरेचा दोरा सगळ्या गावाला दिसला. तिवोंगेच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याची आजी म्हणाली होती, मी बांधला. चर्चच्या वडीलमंडळींनी एलिनातीला सहा महिने प्रभुभोजन बंद केलं, मागचा बाक दिला, दोरा जाळायला सांगितलं. शिक्षा पुरी व्हायच्या आत जो जातो, त्याला घंटा नाही, गाणं नाही. ओंडका पुरावा तसं पुरायचं. एलिनाती शिक्षेच्या पाचव्या महिन्यात गेली. स्वर्गाच्या वाटेला लावताना मला गात न्या, एवढंच ती आयुष्यभर सांगत आली होती.

तिवोंगे चर्चच्या शाळेत शिक्षिका. रविवारी मुलांना देवाचे धडेही तीच द्यायची. तिचं पहिलं मूल नऊ महिन्यांचं असताना दगावलं होतं. लुसुंगूला नववा महिना लागला तशी तिची झोप उडाली, आणि ती डोंगरापलीकडच्या वैदूकडे जाऊन आली. हे एलिनातीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आता तर कुणालाच नाही.

न्यागोंद्वेनं ब्लेड मागवलं.

तिवोंगेच्या पाठीशी बांधलेलं बाळ झोपेत हललं.

“कापू नका,” तिवोंगे म्हणाली. “त्या गाठी माझ्या आहेत. आई त्या दिवशी खोटं बोलल्या.”

मग न्यागोंद्वेनं हळूच विचारलं, काय बोलतेयस ते कळतंय ना, शाळा चर्चची आहे. कळतंय, तिवोंगे म्हणाली. न्यागोंद्वेनं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला, आणि घंटा वाजवायला माणूस धाडला.

“पण जाळायचा दोरा हिच्या दंडावर कसा?” तिनं विचारलं.

तिवोंगेनं बादली खाली ठेवली. वैदूनं बजावलं होतं, जाळलास तर बाळावर उलटेल. शिक्षा झाली त्या संध्याकाळी ती दोरा मुठीत धरून चुलीपुढे रडत बसली होती.

“आईंनी माझ्या मुठीतून काढून घेतला. मला वाटलं, जाळला. तो घेऊन जाताना एवढंच म्हणाल्या, उलटायला कुणीतरी हवंच असेल त्याला, तर मी आहे की.”