गुप्त पत्ता

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या घरात चारुताने नेहमीप्रमाणे चहा गाळला आणि दोघांचे डबे भरायला घेतले. पोळी किंचित करपलेली दिसताच तिच्या नवऱ्याने, यशोधनने, तिचा तळहात तापलेल्या तव्यावर दाबून धरला.

"जा की बायकांच्या त्या निवाऱ्यात," तो शांतपणे म्हणाला. "तिथलं सॉफ्टवेअर मी लिहिलंय, माझंच आहे ते. लपवलेल्या प्रत्येक बाईचा पत्ता मला दिसतो, बाईसाहेब."

"ते क्लायंटचं आहे, यशोधन."

त्याने हसून दुसरी पोळी मागितली. तिने ती वाढली.

***

ॲमस्टरडॅममधल्या झुइडासच्या ऑफिसात पोहोचल्यावर, निवाऱ्याच्या त्याच सॉफ्टवेअर प्रकल्पाची प्रमुख असलेल्या चारुताने पट्टी बांधलेल्या हाताने आधी यशोधनचं लॉगिन कायमचं बंद केलं, आणि मगच निवाऱ्याला फोन करून स्वतःसाठी खोली मागितली.