दूताला पाणी

पूर्वेच्या डोंगरांतून दूत आला आणि वैनगंगेकाठच्या दरबारात हात जोडून उभा राहिला. त्याच्या राजाला इथल्या राजकन्येची सोयरीक हवी होती. पडद्यावर दोन पाट्या उजळल्या: होकार, नकार.

केशवरावांनी नकार दाबला. तिकडे शत्रूने आणखी एक किल्ला घेतला.

"बाबा, सोयरीक नाही केली त उत्तरेचा राजा गिळून टाकंल तुमाले," तृप्ती म्हणाली.

"गिळू दे. पोरगी नाही देत मी डोंगरात."

सानगडी गावच्या घरात बापलेक पडद्यासमोर बसले होते. हा खेळ तृप्तीनेच घडवला होता, पुण्याच्या ऑफिसात. तिच्याच शेजारी बसून काम करणारा शानबोर मेघालयचा होता, आणि तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं. सुट्टीवर आली त्याच दिवशी तिने हे सांगितलं. केशवराव एवढंच बोलले, "लय दूर आहे."

खेळ मात्र त्यांच्याने सोडवेना. काय काय मांडलं होतं पोरीने! तलावाची पाळ, पाळीवर मोहाचं झाड, धान रोवणाऱ्या बाया. प्रत्येक राज्याची रीत न्यारी. दक्षिणेच्या राणीने सासरी जाऊनही मोहरेवर बापाचंच कूळ कोरलं होतं. केशवरावांनी जन्मभर मास्तरकी केली, तहांच्या तारखा पोरांकडून घोकून घेतल्या. पण तहात दिलेली लेक पुढे कशी नांदली, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. पोरीला सुचलं.

पुन्हा तोच दूत आला. पाय धुळीने माखलेले, पाठीवर वेताची टोपली. केशवरावांचं बोट नकाराकडे गेलं.

लाखोरीची डाळ निवडत बसलेल्या तृप्तीच्या आईने, पार्वताबाईंनी, मान वर केली. "अवो, किती हाकलता त्याले? एवढ्या दुरून आला बिचारा. पाणी त विचारा!"

"खेळातल्या माणसाले?"

"तो काय, माठ दिसून राहिला न दरबाराच्या कोपऱ्यात."

तृप्ती पडद्याजवळ सरकली.

केशवरावांनी माठावर बोट ठेवलं. दूत खाली बसला, ओंजळीने पाणी प्याला, तोंड पुसून म्हणाला, "महाराज, आमच्या मुलखात नवरी जात नाही. नवरदेव नांदायला येतो. आमचा राजपुत्र तुमच्या घरी ठेवून घ्याल का, एवढंच विचारायचं होतं."

केशवराव पाहतच राहिले. "हे आधी काहून नाही बोलला हा?"

"आल्याबरोबर हाकललं त काय बोलंल, बाबा?"

"अन्... खरंच असं असते त्यांच्यात?"

"असते. शानबोरचे बाबा त्याच्या आईच्याच घरी नांदले."

पार्वताबाईंना हसू आवरेना. "म्हंजे रडाचं त त्याच्या मायनं! तुमी कायले तोंड पाडून बसले?"

पडद्यावर दूत माठाशी निवांत बसला होता. होकाराची पाटी उजळलेलीच होती. केशवरावांनी ती दाबली नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"लाव त्याले फोन."

"काय सांगू?"

"तू कायले सांगतं? मीच बोलतो." फोन हातात घेऊन ते थांबले, आवाज उतरवून म्हणाले, "पण आधी मले एक सांग. आपल्या विहिरीचं पाणी चालंल न त्याले? का कॅन आणून ठेवू?"