दुसऱ्याकडून खात्री

आयोवातल्या प्रचारसभा उरकून कोरीन नऊ दिवसांनी घरी आली. ती वर्तमानपत्रात राजकारणाच्या बातम्या देते. सकाळी सहा वर्षांची टेस तिच्या कानाशी लागली. "माझं नाव कुठे घ्यायचं नाही. आधी कबूल कर." आईच्या फोनवरच्या बोलण्यातूनच तिनं हे उचललं होतं.

"कबूल."

"मी जोआनला आई म्हणते." जोआन तिला सांभाळायला येते.

टेस शाळेच्या बसकडे पळाली. एकाच्या सांगण्यावर बातमी धरायची नाही, म्हणून कोरीननं नवऱ्याला विचारलं, "टेस जोआनला आई म्हणते का रे?"

डेलनं तव्यावरचा पॅनकेक उलटला. "तुला कोण म्हणालं?"

कोरीननं कॉफी ओतून घेतली. बारा वर्षं ती पुढाऱ्यांना प्रश्न विचारत आली होती. बातमी खोटी असली की ते लगेच नाही म्हणायचे.