हाजियाची कात्री

"तुमचं स्वस्त पाकीट येत्या बैठकीत बंद करणार," औषधकंपनीच्या संचालकांनी एफुआला बजावलं. "दुकानदार अजून पाकीट कापून अर्ध्याच गोळ्या विकतात." मलेरियाचा पूर्ण डोस अर्ध्याच्या किमतीत मिळावा म्हणून ती अकरा वर्षं भांडली होती. तिने लगेच उत्तरेकडच्या तामाले शहराचा बाजार गाठला. औषधवाल्या हाजियाची गोळ्या कापायची कात्री खिळ्यावर होतीच. पारख करायला एफुआ गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "अर्ध्याच गोळ्या द्या." हाजियाने कात्री उचलली, गठ्ठ्याची सुतळी कापून अख्खं पाकीट समोर आपटलं. "ताप अर्धाच आलाय का? मोटारीतून उतरतेस, अर्धं मागतेस!" "पूर्वी तुम्हीच कापून द्यायचात." "पूर्वी परवडत नव्हतं, बये! आता कापलं, तर बाजारातल्या बायका माझे कान कापतील." इतकी गोड बोलणी एफुआने नोकरीभर खाल्ली नव्हती. "हाजिया, आमच्या कंपनीच्या साहेबांना हेच सुनावायला राजधानीत, अक्राला येता?" "येईन. पण अर्ध्या भाड्यात नाही!"